मैदानावरील मुलांची सुरक्षितता: मी सही केलेला एक दाखला आणि आता करावयाचे नियम

आडवी पाटी

नमस्कार. मी आमच्या उपनगरातील एका खो-खो मंडळाचा गेली अकरा वर्षे कार्यवाह आहे. आमच्याकडे सध्या नव्वदच्या आसपास मुले-मुली सरावाला येतात. त्यांत पहिलीतल्या चिमुरड्यांपासून बारावीच्या मुलांपर्यंत सर्व वयोगट आहेत. याशिवाय रविवारी सकाळी बौद्धिक दिव्यांग प्रौढांचा एक लहान गट मैदानावर येतो. या सर्वांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण पुढील महिन्यातील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडायचे आहे. मसुदा पक्का करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. मात्र धोरणाची गरज आम्हाला कशी पटली, हे लपवून ठेवले तर या चर्चेला अर्थ राहणार नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. आमच्या संघातील एक चौदा वर्षांची मुलगी अचानक सरावाला येईनाशी झाली. हजेरीपटात महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत तिच्या नावापुढे रोज हजेरी आहे आणि बारा तारखेपासून पानाच्या शेवटापर्यंत नुसती टिंबे आहेत. तो पट दर आठवड्याला माझ्या हाताखालून जात होता, पण परीक्षा जवळ आली असेल असे समजून मी पान उलटले. तीन आठवड्यांनी तिची आई मोबाइल घेऊन माझ्या घरी आली. त्यात आमच्या प्रशिक्षकांनी रात्री अकरानंतर पाठवलेले संदेश होते. "झोपलीस का?", "आज निळ्या टी-शर्टमध्ये छान दिसत होतीस", आणि सर्वांत शेवटी, "हे आईला सांगू नकोस, तिला खेळातले काही कळत नाही."

कार्यकारिणीची बैठक साहित्याच्या खोलीत झाली. मंडळाचे नाव, मुलीचे नाव, तोंडावर आलेली जिल्हा स्पर्धा, असे सगळे विषय निघाले. मुलीला काय वाटते, हे मात्र कोणीच विचारले नाही. प्रशिक्षकांनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा द्यावा असे ठरले. त्यांनी जाताना अनुभवाचा दाखला मागितला. "वर्तन समाधानकारक" हे शब्द असलेला तो दाखला मी स्वतः टंकला, त्यावर सही केली आणि मंडळाचा शिक्का मारला. आठ महिन्यांनी एका तालुका स्पर्धेत ते गृहस्थ दुसऱ्या मंडळाच्या मुलींच्या संघासमोर गळ्यात शिट्टी अडकवून उभे असलेले दिसले. माझ्याच दाखल्यावर ते तेथे लागले होते.

त्या दिवसापासून एकच विचार मनात घर करून आहे. मुलाला धीर आला आणि ते बोलले, तरच ते सुरक्षित राहील, अशी आमची सारी व्यवस्था होती. खेळाच्या मैदानावर हा धीर मुलांजवळ का नसतो, याची कारणे आपल्याकडे अगदी व्यावहारिक आहेत. संघाची यादी प्रशिक्षक करतात. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी लागणारी प्रमाणपत्रे त्यांच्यामार्फत येतात. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणावर ज्या घराची आशा असते, त्या घरात सरांचा शब्द खाली पडू दिला जात नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच हातात आपला पुढचा रस्ता आहे हे मुलाला नीट कळत असते.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणे, मग तो मोबाइलवरून का असेना, हा त्याच अधिनियमाखाली अपराध आहे. हेतू होता की नव्हता हे ठरवणे न्यायालयाचे काम होते आणि आम्ही ते साहित्याच्या खोलीत बसून उरकले. २०२० च्या पॉक्सो नियमांत तर क्रीडा अकादमींचा नावानिशी उल्लेख आहे. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे, असे तेथे म्हटले आहे. आम्ही पडताळणी सुरू केली आहे, पण तिची मर्यादा मला आमच्याच उदाहरणावरून दिसते. पडताळणीत नोंदवलेले गुन्हेच दिसणार. आम्ही प्रकरण गुपचूप मिटवले, म्हणून त्या गृहस्थांचा पडताळणीचा कागद आजही कोरा आहे.

मसुद्यातील मुख्य तरतुदी अशा आहेत. अठरा वर्षांखालील खेळाडूशी कोणीही प्रशिक्षक खासगी संदेशाद्वारे बोलणार नाही. सर्व निरोप पालकांचा समावेश असलेल्या गटावर जातील. बंद खोलीत एक मोठी व्यक्ती आणि एक मूल एवढेच दोघे असणार नाहीत. दुखापतीवर मालीश किंवा पट्टी मैदानाच्या कडेला, दुसऱ्या मोठ्या व्यक्तीसमोर होईल. तक्रार ऐकण्यासाठी एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन सुरक्षा प्रतिनिधी असतील आणि त्या दोघांचा संघनिवडीशी काडीचाही संबंध नसेल. कोणत्याही तक्रारीनंतर दिलेला राजीनामा दाखल्याविना स्वीकारला जाईल आणि दाखला मागणाऱ्या पुढील संस्थेला खरे कारण कळवले जाईल. यात काय राहून गेले आहे, ते कृपया सांगावे.

लाल माती

आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आदर वाटतो. मी अठ्ठावीस वर्षे मल्लखांब आणि कुस्ती शिकवतो आहे. या नियमांना माझा विरोध नाही, पण काही नियम मैदान न पाहिलेल्या माणसाने केल्यासारखे होतील की काय, अशी भीती वाटते. मल्लखांबावर नवशिक्या मुलाला चढवताना कमरेला आणि मांडीला आधार द्यावाच लागतो. तो दिला नाही, तर मूल मानेवर पडेल. कुस्तीत तर अंगाला अंग लागल्याशिवाय डावच शिकवता येत नाही. उद्या प्रत्येक स्पर्शाकडे संशयाने पाहिले जाणार असेल, तर चांगली माणसे शिकवणे सोडून देतील.

दुसरी अडचण बाहेरगावच्या स्पर्धांची आहे. मुलींचा संघ एस.टी.ने दोनशे किलोमीटर जातो, मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात असतो आणि सोबत मी एकटाच असतो. मंडळाच्या खात्यात मुलींच्या तिकिटांपुरतेच पैसे असतात. तेथे महिला पालक कोठून आणायची?

आडवी पाटी

सर, आधाराचा आपला मुद्दा मी मसुद्यात घेत आहे. आमच्या प्रशिक्षकांशी बोलून असे ठरले की, आधार देण्यापूर्वी "आता कमरेला धरतो" असे मोठ्याने सांगायचे, तो सर्वांसमोर द्यायचा आणि मूल नको म्हणाले तर त्या दिवशी ती उडी सोडून द्यायची. पालकांना प्रवेशाच्या दिवशीच एक प्रात्यक्षिक दाखवायचे, म्हणजे कोणता आधार खेळाचा भाग आहे आणि कोणता नाही, हे त्यांना आणि मुलांनाही ओळखता येईल. यात चांगल्या प्रशिक्षकाचेच संरक्षण आहे असे मला वाटते, कारण त्याच्या कामाला नव्वद डोळे साक्षीदार राहतात.

प्रवासाबद्दल सांगायचे तर, आम्ही मुलींच्या आयांची पाळी लावली आहे. एका आईचे तिकीट सर्व मुलींच्या वर्गणीत वाटले की प्रत्येकीला चाळीस-पन्नास रुपये जास्त पडतात. सोबत यायला कोणीच तयार झाले नाही, तर संघ जाणार नाही. गेल्या वर्षी एक स्पर्धा आम्ही अशी सोडली. मुली रडल्या, मलाही वाईट वाटले, पण निर्णय बदलला नाही.

चंद्रज्योत

मी बालहक्कांच्या क्षेत्रात वकिली करते. धागाकर्त्यांना प्रथम स्पष्टच सांगते: पाच वर्षांपूर्वी जे झाले, ते नुसते नैतिक चुकीपुरते मर्यादित नाही. कलम २१ नुसार माहिती न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी ही मुदत एक वर्षापर्यंत आहे. ते गृहस्थ आजही मुलींना शिकवत असतील, तर प्रश्न अजून संपलेला नाही. आपण लेखी माहिती घेऊन पोलीस ठाण्यात जावे. त्याआधी त्या मुलीला आणि तिच्या आईला भेटून काय करणार आहात ते सांगावे. त्यांची परवानगी मिळाली तरच कळवायचे असे कायदा म्हणत नाही, पण पोलीस दारात आल्यावरच त्यांना कळावे हेही योग्य नाही.

मसुद्यात एक मोठी उणीव आहे. मूल बोलले, तर पहिल्या तासात काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यात नाही. माझ्या अनुभवात सर्वाधिक हानी त्याच तासात होते. कार्यकारिणी मुलीला बोलावते, पाचजण समोर बसून प्रश्न विचारतात, मग प्रशिक्षकाला बोलावून 'समोरासमोर' करतात. हे कधीही करू नये. सुरक्षा प्रतिनिधीने शांतपणे ऐकावे, "मग काय झाले?" एवढेच विचारावे, आपले शब्द तिच्या तोंडी घालू नयेत आणि तिने जे जसे सांगितले, ते तिच्याच शब्दांत तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे. "कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मोबाइलमधील संदेश पुसू देऊ नयेत. १०९८ हा बालकांसाठीचा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक मैदानाच्या फलकावर मुलांच्या उंचीवर लिहावा.

पोलिसांची भीती असते, म्हणून पालकांना हेही समजावून सांगावे की मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या वा त्यावरील महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवावा, अशी कलम २४ ची तरतूद आहे.

सुरक्षा प्रतिनिधींपैकी किमान एकजण मंडळाबाहेरचा असावा, असा माझा आग्रह आहे. १९९० साली पंचकुला येथे चौदा वर्षांच्या एका टेनिसपटूने राज्याच्या लॉन टेनिस संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध तक्रार केली होती. ते अध्यक्ष त्याच राज्याच्या पोलीस दलात महानिरीक्षक होते. मुलीला शाळेतून काढण्यात आले, १९९३ मध्ये तिने आपले जीवन संपवले आणि न्यायालयाने त्या अध्यक्षांना दोषी ठरवेपर्यंत २००९ चा डिसेंबर उजाडला. संस्था आणि सत्ता एकाच माणसाच्या हाती असली की मुलाला जायला जागा उरत नाही.

रविवारचा वाचक

एक शंका आहे. दुसऱ्या मंडळाला 'खरे कारण' कळवले आणि त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तर? शिवाय संघात निवड झाली नाही म्हणून रागाने कोणी खोटी तक्रार केली, तर त्या प्रशिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल.

चंद्रज्योत

दोन्ही शंका रास्त आहेत. सद्भावनेने पोलिसांना माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ मध्येच म्हटले आहे. हे संरक्षण पोलिसांना दिलेल्या माहितीला आहे. म्हणून आधी पोलिसांना कळवावे आणि दुसऱ्या मंडळाला लिहिताना केवळ वस्तुस्थिती लिहावी: अमुक तारखेला तक्रार आली, अमुक तारखेला पोलिसांना माहिती दिली, आमचा पूर्वीचा दाखला मागे घेत आहोत. विशेषणे नकोत आणि मुलीचे नाव तर मुळीच नको. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. चौकशी होईपर्यंत प्रशिक्षकाला मैदानापासून दूर ठेवणे ही शिक्षा नाही, हे नियमांत लिहून ठेवा आणि त्या काळात त्याचे मानधन चालू ठेवा. असे केले म्हणजे कार्यकारिणीचा हात निर्णय घेताना थरथरणार नाही.

निळे पाणी

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो आठवड्यातून तीन दिवस पोहायला जातो. मसुद्यात रविवारच्या गटाचा उल्लेख सुरुवातीला आहे, पण पुढचे सर्व नियम "अठरा वर्षांखालील" असे म्हणत थांबतात, म्हणून लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याने पिवळी टोपी घालायला नकार दिला. पोहायचे होते, पाण्यात उतरायचे होते, पण टोपी दिसली की तो दोन्ही हातांनी कान झाकून खाली बसायचा. आम्हाला हट्ट वाटला. टोपी बदलली, तर निळीही नको. पुढे कळले की कपडे बदलण्याच्या खोलीत एक मदतनीस टोपी चढवताना त्याचे कान पिळत असे आणि इतरांना हसवत असे. माझ्या मुलाला 'कधी' आणि 'किती वेळा' हे सांगता येत नाही. त्याने त्याच्या परीने महिनाभर तक्रार केली होती, आम्हालाच ती वाचता आली नाही. तेथील व्यवस्थापनाने मला विचारले, "तो स्वतः काही सांगतो का?"

कायद्यातही हा गट दोन पायऱ्यांच्या मधे अडकतो. पॉक्सोमधील वय म्हणजे जन्मतारखेनुसारचे वय, मानसिक वय नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे माझ्या मुलासारख्या प्रौढांसाठी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ पाहावा लागतो. त्याच्या कलम ७ खाली छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो आणि कलम ९२ मध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम पोलीस ठाण्यात मला छापील प्रत पुढे करून दाखवावे लागले.

आपल्या मंडळाला माझी विनंती अशी आहे की, मदतनीस दर रविवारी बदलू नका, तेच दोघे ठेवा, म्हणजे वागण्यातला फरक त्यांच्या लक्षात येईल. आमच्या मुलांच्या वागण्यातील बदल हीच तक्रार समजून नोंदवा. आणि छायाचित्र काढताना, आधार देताना, कपडे बदलायला मदत करताना परवानगी आईवडिलांकडे मागाच, पण आधी त्याला विचारा. आम्ही चित्रांची कार्डे केली आहेत: हसरा चेहरा, रडका चेहरा, 'थांबा' म्हणणारा हात. 'थांबा'चे कार्ड त्याला पाच मिनिटांत समजले. तो आता ते गळ्यात घालून पाण्याच्या कडेला बसतो आणि गरज पडली की वर धरतो.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलाच्या क्रिकेट क्लबात रविवारी मदत करतो. येथे मुलांना शिकवण्याआधी माझी गुन्हेगारी नोंदींची सविस्तर तपासणी झाली आणि प्रशिक्षण घ्यावे लागले. क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव व फोन क्रमांक दाराशीच लावलेला असतो. मोठ्यांच्या संघात सोळा वर्षांचा मुलगा खेळत असेल, तर कपडे बदलण्याची सोय वेगळी करतात. २०२२ पासून येथे सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूशी प्रशिक्षकाने लैंगिक संबंध ठेवणे, संमती असली तरी, गुन्हा ठरते. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. फुटबॉल आणि पोहण्यातील प्रशिक्षकांनी केलेल्या अत्याचारांची प्रकरणे बाहेर आल्यावर ती उभी राहिली.

एक सावधगिरी सुचवतो. 'दुसरी मोठी व्यक्ती हजर असावी' हा नियम आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर, ज्याला जानेवारी २०१८ मध्ये ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, तो उपचाराच्या नावाखाली काही वेळा पालक खोलीत असतानाही अत्याचार करत होता. हजर असणाऱ्याला काय पाहायचे, हे शिकवलेले असले पाहिजे.

जुनी धावक

मी बारा वर्षे खो-खो खेळले. माझ्या बाबतीत मंडळ दुसरे, गाव दुसरे. मी कोणालाही सांगितले नाही, कारण सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव त्याच सरांच्या टेबलावर होता आणि बाबा रोज विचारत होते की सही झाली का. धागाकर्त्यांनी हे लिहिले, म्हणून मी आज लिहिते आहे. प्रमाणपत्रे आणि प्रस्ताव प्रशिक्षकाच्या हातात ठेवू नका. एवढे एक केले असते, तरी मी बोलले असते.

आडवी पाटी

ताई, आपला प्रतिसाद मी कार्यकारिणीत वाचून दाखवला. सर्व प्रमाणपत्रे, वयाचे दाखले आणि सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव यापुढे कार्यालयातून पालकांच्या हाती थेट जातील. प्रशिक्षक केवळ उपस्थितीचा तक्ता देतील. हे कलम मसुद्यात सर्वांत वर घातले आहे. रविवारच्या गटासाठी स्वतंत्र प्रकरण 'निळे पाणी' यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिले असून चित्रांची कार्डे छापायला दिली आहेत. पहिल्या तासाचे नियम आणि मंडळाबाहेरचा प्रतिनिधी यांना सर्वांची संमती मिळाली. मानधन चालू ठेवण्यावर वाद झाला. तो सभेत मतदानाला जाईल.

परवा मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. ती आता एकोणीस वर्षांची आहे. मी काय करणार आहे ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो दाखला आधी परत मागवा." काल पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घेतली आणि दुसऱ्या मंडळाला दाखला मागे घेतल्याचे पत्र पाठवले. पुढे माझ्यावर जी कारवाई होईल, तिला मी तयार आहे आणि तोपर्यंत कार्यवाहपद सोडले आहे. फक्त हजेरीपटाचे काम नव्या कार्यवाहांनी माझ्याकडे ठेवले आहे.

साहित्याच्या खोलीचे लाकडी दार काढून जाळीचे बसवले. हजेरीपटात एक नवा रकाना आखला आहे: सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी सुरक्षा प्रतिनिधी फोन करतील आणि कारण तेथे लिहितील. आजच्या पानावर अशी दोन नावे आहेत. दोन्ही क्रमांक मी आत्ताच त्यांना कळवले.